कांजी बिघडते, आंबिलीने पोट फुगतं: आंबवलेली पेयं नेमकी कशी करावीत, किती घ्यावीत?

तुळशीवृंदावन

आंबवलेल्या पेयांवरचे जुने धागे वाचून काढले, पण माप बहुतेक ठिकाणी 'अंदाजाने' आणि 'आंबटसर होईपर्यंत' एवढंच. जाणकारांकडून नेमकं हवंय. मुक्काम पुणे, सध्या दिवसा ३२-३३ अंश.

१. गाजर-बीटची कांजी: १ लिटर पाणी, दोन गाजरं, एक मोठं बीट किसून, दोन चहाचे चमचे मीठ, तेवढीच मोहरीची पूड, बरणीच्या तोंडाला मलमलचं फडकं. तिसऱ्या दिवशी वर पांढरा पापुद्रा आणि खालचं पाणी बुळबुळीत, चमच्याने उचललं की तार येते. टाकून द्यायची की चालेल?

२. नाचणीची आंबील सकाळी, वरून ताक, ठेचलेला कच्चा लसूण, बारीक चिरलेला कांदा. प्यायल्यावर दोनेक तासांत पोट तट्ट.

३. दुपारच्या जेवणात ताक असतंच. मग कोम्बुचा (आंबवलेला गोड चहा) किंवा प्रोबायोटिकच्या बाटल्या यांची भर हवी का? घरात सासऱ्यांना रक्तदाबाची गोळी चालू आहे, त्यांना यातलं काय चालेल?

खारवलेलं_लिंबू

फक्त कांजीबद्दल लिहितो. पापुद्रा आणि तार ही दोन वेगळी प्रकरणं आहेत.

पांढरा, सपाट, सुरकुत्या पडलेला कोरडा पापुद्रा असेल तर ते यीस्ट. विषारी नसतं, पण ते वर बसून लॅक्टिक आम्ल खातं, म्हणजे कांजीचा आंबटपणा उतरत जातो आणि मग बुरशीला वाट मिळते. त्याला हवा लागते, आणि मलमलच्या फडक्यातून तुम्ही ती भरपूर दिलीत. लवकर दिसला तर चमच्याने काढून टाका, भाजी दाबून पाण्याखाली न्या, झाकण लावा. मात्र पापुद्र्यावर लव दिसत असेल, हिरवा, काळा किंवा गुलाबी ठिपका असेल तर ती बुरशी. तिथे 'वरचं काढून खालचं वापरू' हा हिशेब नको, बरणी रिकामी करा.

तार मात्र बिटामुळे. बिटात ऊस-साखर भरपूर असते. आंबण्याच्या सुरुवातीला ल्युकोनॉस्टॉक नावाचे जिवाणू पुढे असतात आणि ते या साखरेपासून डेक्स्ट्रान नावाचा चिकट पदार्थ बनवतात. तुम्ही बीट किसलंत, त्यामुळे साखर पहिल्याच दिवशी सगळी पाण्यात आली. शिवाय मीठ कमी. दोन चमचे म्हणजे १०-१२ ग्रॅम, सगळं मिळून सव्वा किलोच्या वर वजन, म्हणजे १ टक्क्याच्याही खाली. वास स्वच्छ आंबट असेल तर बुळबुळीतपणा बहुतेकदा आणखी दोन-तीन दिवसांत आपोआप कमी होतो, कारण नंतर येणारे लॅक्टोबॅसिलस आम्ल वाढवून या मंडळींना मागे सारतात. वास कुजका असेल तर प्रश्नच नाही, ओतून द्या. तुमच्या बाबतीत दोन्ही गोष्टी एकदम झाल्यात आणि मीठही कमी आहे, म्हणून ही बरणी वाचवण्यात वेळ घालवू नका असं माझं मत.

पुढच्या वेळचं माप: पाणी १ लिटर, गाजर २५० ग्रॅम, बीट फक्त ५० ग्रॅम (रंगापुरतं). एकूण १३०० ग्रॅम, त्याच्या २ टक्के म्हणजे २६ ग्रॅम मीठ. काट्यावर मोजा. खडेमीठ आणि बारीक मीठ यांचा एकच चमचा वेगवेगळा भरतो, बहुतेकांचं गणित तिथेच चुकतं. आयोडीनच्या मिठाने आंबत नाही हे ऐकीव आहे, आंबतं. पाणी महापालिकेच्या नळाचं असेल तर पाच मिनिटं उकळून पूर्ण गार करा, क्लोरीन बऱ्यापैकी उडून जातं.

भाजी बोटाएवढ्या जाड फोडींत चिरा. किसू नका. मोहरी १५ ग्रॅम, न भाजता जाडसर कुटून, गार पाण्यातच घाला. तिचा झणका ओली झाल्यावर एका एन्झाइममुळे तयार होतो. कढत पाणी ओतलंत की ते एन्झाइम मरतं आणि झणकाही गेला. हा झणका नुसत्या चवीसाठी नसतो, बुरशीला आवर घालायचं कामही तोच करतो.

बरणी काचेची, दीड लिटरचीच. तीन लिटरच्या बरणीत एवढीच कांजी केली तर वर हवा उरते आणि पापुद्रा ठरलेला. फोडी पाण्याखाली राहाव्यात म्हणून वर छोटी काचेची वाटी ठेवा. झाकण लावा, पण आवळू नका. रोज एकदा सैल करून गॅस जाऊ द्या. 'उन्हात ठेवा' हा सल्ला उत्तरेकडच्या थंडीतला आहे, तिथे कांजी करतात तीच हिवाळ्यात. पुण्याच्या आत्ताच्या हवेत काचेची बरणी दुपारच्या उन्हात ४० अंशांच्या वर जाईल. ओट्याच्या सावलीच्या कोपऱ्यात ठेवा. ३२ अंशाला दोन ते तीन दिवस, डिसेंबरात चार-पाच. नंतर गाळून फ्रीजमध्ये, तीन आठवडे चव चांगली राहते.

झाली की नाही ते कसं ओळखायचं? पीएच म्हणजे आंबटपणाचं माप, आकडा जितका कमी तितकं आंबट. तो ४.६ च्या खाली गेला की बोट्युलिझमची (जीवघेण्या अन्नविषबाधेची) भीती उरत नाही, आपण ४ च्या खालीच थांबायचं. पण पीएचच्या कागदी पट्ट्या बिटाच्या रसात रंगून जातात, वाचता येत नाहीत. बिटाचा लाल रंग स्वतःही आंबटपणाने फारसा बदलत नाही. काळी गाजरं मिळाली तर काम सोपं होतं: जांभळट पाणी आंबट होत जाईल तसं झळझळीत लाल होतं. नाहीतर साधं डिजिटल मीटर घ्या, किंवा बीट न घालता नारिंगी गाजराची करा, त्यात पट्टी वाचता येते.

आणि हे सासऱ्यांसाठी: १०० मिली कांजीत सुमारे २ ग्रॅम मीठ जातं. जागतिक आरोग्य संघटनेची दिवसाची मर्यादा ५ ग्रॅमच्या आत आहे. म्हणजे मोठा पेला पोटात गेला की दिवसाचं जवळजवळ सगळं मीठ तिथेच संपलं. रक्तदाब असलेल्यांनी कांजीकडे बघूही नये असं मी म्हणणार नाही, पण दोन-तीन मोठे चमचे, तेही पाणी घालून, आणि त्या दिवशी लोणचं-पापड नाही.

विरजणदाणी

ताक आणि आंबिलीचं मी सांगते.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करू या: उकळलं की जिवाणू मेले. कढी चविष्ट असते, पण तिच्यात जिवंत काही नसतं. आंबिलीचंही तेच. रात्रभर पीठ आंबवलं, सकाळी शिजवलं, की आंबवणारे संपले. म्हणून रात्रीचं आंबवणं फुकट गेलं असं मात्र नाही. नाचणीतलं फायटेट (लोह-जस्त अडवून धरणारा घटक) आंबवल्याने कमी होतं आणि लोह, जस्त शरीराला जास्त मिळतं. जिवंत जिवाणू मात्र वरून घातलेल्या ताकातूनच येणार, आणि तेही आंबील कोमट झाल्यावर घातलं तर. वाफाळत्या आंबिलीत ताक ओतणं ही सर्रास होणारी चूक. ताक फुटतंही आणि मरतंही.

चार माणसांसाठी: नाचणीचं पीठ ४० ग्रॅम (चार सपाट मोठे चमचे), पाणी अर्धी वाटी, ताक एक मोठा चमचा. स्टीलच्या किंवा काचेच्या भांड्यात गुठळी न ठेवता कालवून, झाकून ८ तास. थंडीत १२-१४. वर बारीक बुडबुडे आणि सौम्य आंबट वास आला की झालं. ६०० मिली पाणी उकळून त्यात हे सतत ढवळत ओता, मंद आचेवर ७-८ मिनिटं. कच्च्या पिठाचा वास गेला पाहिजे, रंग गडद आणि तुकतुकीत झाला पाहिजे. खाली उतरवून करंगळी सुखाने बुडवता येईल इतकं निवू द्या, मग दोन वाट्या ताक, मीठ, जिरेपूड. मोड आलेल्या नाचणीचं पीठ असेल तर आंबील पातळच राहील, कारण मोडातलं अमायलेज स्टार्च तोडतं. पीठ दीडपट घ्या, जास्त वेळ आटवत बसू नका. ज्वारीच्या पिठाचीही हीच रीत, फक्त शिजायला दोन-चार मिनिटं जास्त. विदर्भात महालक्ष्म्यांच्या नैवेद्याला करतात ती ज्वारीचीच.

विरजणासाठी: १ लिटर दूध उकळी आल्यावर मंद आचेवर आणखी ५-१० मिनिटं ठेवा. दुधातली व्हे प्रथिनं उलगडतात आणि दही घट्ट लागतं. ४०-४२ अंशांवर आलं की एक चहाचा चमचा विरजण, नीट मिसळून. विरजण जास्त घातलं तर दही लवकर आंबतं आणि पाणी सोडतं. या हवेत ५-६ तासांत लागतं, लागलं की लगेच फ्रीज. रात्री विरजून सकाळपर्यंत ओट्यावर ठेवलेलं दही उन्हाळ्यात आंबटढाण होणारच. दह्याला तार आली तर घाबरू नका, काही जिवाणू तसा चिकट पदार्थ करतात, अपायकारक नसतो; नको असेल तर दुसरीकडून विरजण आणा. ताकाला एक भाग दही, तीन भाग गार पाणी. वरून फोडणी दिली तर चालते, दोन चमचे तेलाने लिटरभर ताक तापत नाही.

बाजारच्या ताकाची एक सोपी परीक्षा: दुकानात फ्रीजबाहेरच्या फळीवर महिनोन् महिने राहणारं ताक उष्णता देऊन टिकवलेलं असतं. तहान भागेल, जिवाणू नाहीत. फ्रीजमधली, थोड्या दिवसांच्या मुदतीची पिशवी बहुधा जिवंत असते.

मोजूनमापून

वरचे दोन्ही प्रतिसाद उत्तम. पोट फुगण्याकडे वळतो.

आंबिलीत तुम्ही कच्चा कांदा आणि कच्चा लसूण घालता. दोन्हींत फ्रुक्टान असतात. माणसाचं लहान आतडं ते पचवू शकत नाही, ते मोठ्या आतड्यात पोचतात आणि तिथले जिवाणू त्यापासून गॅस करतात. ज्यांचं पोट नाजूक आहे त्यांना ताकापेक्षा हेच जास्त बाधतं. म्हणून नाचणीवर किंवा ताकावर शिक्का मारण्याआधी पाच दिवस कांदा-लसूण वगळून बाकी सगळं तसंच ठेवा. फरक पडला तर उत्तर मिळालं. नाही पडला तर पुढचे पाच दिवस ताक वगळून नुसती जिरं-मिठाची आंबील. एका वेळी एकच गोष्ट बदला. सगळं एकदम बंद केलं की पोट शांत होतं, पण कशाने ते कधीच कळत नाही.

ताक बाधत असेल तर कारण बहुधा लॅक्टोज, म्हणजे दुधातली साखर. विरजताना त्यातला काही भागच संपतो. तरी दुधापेक्षा दही-ताक सोसतं, कारण त्यातले जिवंत जिवाणू ती साखर पचवणारं लॅक्टेज एन्झाइम स्वतः घेऊन येतात. युरोपियन अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०१० मध्ये हा दावा मान्य केला, अट अशी की योगर्टच्या दर ग्रॅममध्ये किमान १० कोटी जिवंत जिवाणू हवेत. आंबवलेल्या पदार्थांबद्दलचे फार थोडे दावे इतक्या स्पष्टपणे मान्य झालेत, हेही लक्षात असू द्या.

किती घ्यायचं? निरोगी माणसाला जेवणाबरोबर १५०-२०० मिली ताक. कांजी नवीन असेल तर आठवडाभर ५० मिली, मग हवं तर १००. उपाशीपोटी घेतल्याने जास्त फायदा होतो असं काही नाही. उलट छातीत जळजळणाऱ्यांना मोहरीची कांजी उपाशीपोटी नकोच. रात्री ताक घेऊ नये यालाही जिवाणूंच्या बाजूने काही आधार नाही, मात्र आंबट ढेकर येणाऱ्यांनी झोपण्याआधी दोन-तीन तास आंबट टाळावं.

प्रोबायोटिकच्या बाटल्यांबद्दल. आंबवलेला पदार्थ आणि प्रोबायोटिक यांत फरक आहे. प्रोबायोटिक म्हणायला ठरावीक जातीचे, ठरावीक संख्येतले आणि फायदा सिद्ध झालेले जिवाणू लागतात. घरचं ताक त्या व्याख्येत बसत नाही आणि बसायची गरजही नाही. उलट अमेरिकेतल्या पोटविकारतज्ज्ञांच्या संघटनेने २०२० च्या मार्गदर्शिकेत आयबीएससाठी (पोटदुखी आणि बिघडलेली शौचाची सवय असा आतड्याचा जुनाट त्रास) प्रोबायोटिक फक्त संशोधनापुरतं वापरावं असं म्हटलंय. तेव्हा रोजचं ताक चालू असताना बाटलीवर महिन्याचा खर्च करायला मला कारण दिसत नाही. डॉक्टरांनी विशिष्ट जात लिहून दिली असेल तर गोष्ट वेगळी.

स्टॅनफर्डचा २०२१ चा अभ्यास सगळीकडे फिरतो, तो नीट वाचा. ३६ प्रौढ माणसं, १० आठवडे, एका गटाला आंबवलेले पदार्थ, दुसऱ्याला जास्त फायबर. आंबवलेल्या गटात आतड्यातल्या जिवाणूंची विविधता वाढली, रक्तातली दाहाशी संबंधित १९ प्रथिनं कमी झाली. पण ती मंडळी दिवसाला साधारण सहा वेळा असं काही खात-पीत होती. एका ताकावर तोच निकाल लागेल असं धरू नका. आणि फायबरच्या गटाची विविधता वाढली नाही म्हणून फायबर निरुपयोगी, हा अर्थ तर साफ चुकीचा आहे.

कारण ताकातले जिवाणू आतड्यात कायमचं बिऱ्हाड करत नाहीत, बरेचसे काही दिवसांत निघून जातात. कायमचे राहणारे जगतात तुम्ही न पचवलेल्या तंतूंवर, आणि त्यापासून ब्युटिरेट बनवतात, जे मोठ्या आतड्याच्या पेशींचं मुख्य इंधन आहे. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना दिवसाला किमान २५ ग्रॅम फायबर सांगते. आपल्या ताटात ते असं जुळतं: प्रत्येकी ५० ग्रॅम पिठाच्या दोन ज्वारीच्या भाकरी, सुमारे १० ग्रॅम. ३० ग्रॅम कोरड्या मुगाची उसळ, ५. एक मध्यम पेरू, ८ च्या आसपास. पालेभाजीची वाटी, २-३. झाले २५. त्याच जागी पांढरा भात आणि तुरीचं पातळ वरण ठेवा, मग आकडा बघा.

आत्तापर्यंत कमी खात असाल तर एकदम वाढवू नका, दोन-तीन आठवड्यांत चढवा, सोबत पाणी. कडधान्यं ८-१० तास भिजवून ते पाणी टाका, गॅस करणारे रॅफिनोजसारखे घटक त्यात बरेच उतरतात. मोड आणले तर आणखी कमी होतात. राजमा, छोले अर्धवट शिजलेले खाऊ नयेत, बोटांनी सहज चिरडले पाहिजेत.

सवयींमध्ये एकच सांगतो. दोन खाण्यांत साडेतीन-चार तास मोकळे ठेवा. पोट रिकामं असताना दर ९० ते १२० मिनिटांनी आतड्यात एक लाट वरून खाली जाते, उरलंसुरलं पुढे ढकलते. दर तासाला चहा-बिस्कीट, दोन शेंगदाणे, चिमूट चिवडा चालू असेल तर ही लाट सुरूच होत नाही. फुगणाऱ्या पोटांना नुसत्या एवढ्या बदलाने बराच आराम पडतो, आणि खर्च शून्य.

हे सगळं साध्या तक्रारींसाठी. शौचातून रक्त, कारण नसताना वजन घटणं, रात्री झोपेतून उठवणारे जुलाब, रक्तातलं लोह कमी होणं, पन्नाशीनंतर अचानक बदललेली शौचाची सवय, यातलं काही असेल तर कांजी बाजूला ठेवून आधी डॉक्टर. केमोथेरपी चालू असलेल्यांनी, अवयवरोपण झालेल्यांनी घरी आंबवलेलं काहीही विचारल्याशिवाय घेऊ नये. आणि सिप्रोफ्लोक्सासिन किंवा डॉक्सिसायक्लिनसारखी अँटिबायोटिक चालू असतील तर गोळी आणि ताक यांत दोन-तीन तासांचं अंतर ठेवा, कॅल्शियममुळे औषध कमी शोषलं जातं.

आळशी_सुगरण

कोम्बुचा घरी ताक असताना कशाला, हे माझं उत्तर. करायचाच असेल तर १ लिटरला ७० ग्रॅम साखर, ६ ग्रॅम चहापत्ती, गार झाल्यावर १०० मिली जुना आंबट कोम्बुचा. तो जुना घातला नाही तर पहिले दोन दिवस आंबटपणा नसतो आणि बुरशी धरते. आपल्या उन्हाळ्यात ६-७ दिवस पुरे. थोडा अल्कोहोल तयार होतोच, म्हणून गरोदर बायका आणि लहान मुलांना नको. इतरांनी दिवसाला १०० मिलीच्या वर जायची गरज नाही. बाटलीत दुसऱ्यांदा फळाचा रस घालून बंद केला तर काच फुटू शकते, प्लास्टिकच्या बाटलीत करा. कडक झाली की फ्रीजमध्ये.

जाता जाता: सोलकढी आंबवलेली नसते हो. आमसुलांचा आंबटपणा आहे तो. चवीला शंभर गुण, जिवाणूंना शून्य.

तुळशीवृंदावन

सगळ्यांचे आभार, पुढची बरणी काट्यावर मोजूनच लावते. दोन शंका राहिल्या. सासूबाईंचं पितळी पातेलं आहे, आंबील त्यात भिजवली तर? आणि रात्रीचा भात पाण्यात ठेवून सकाळी ताकाबरोबर खातात, तो आतड्याला चांगला म्हणतात ना?

विरजणदाणी

कल्हई नसेल तर नको. आंबट पदार्थ पितळेत ठेवला की तांबं उतरतं, पदार्थ कळकतो, मळमळ आणि उलटी होते. कल्हई ताजी आणि सलग असेल तर शिजवायला चालेल, पण रात्रभर आंबवायला स्टील, काच किंवा आतून झिलई नसलेलं मातीचं भांडं. जुन्या रंगीत झिलईच्या बरण्यांत शिसं असू शकतं, त्या दिसायला छान, तिथेच राहू देत.

मोजूनमापून

भाताचं नीट सांगतो, कारण यात चूक महागात पडते. शिजलेला भात गार झाला की त्यातला काही स्टार्च पचायला जड रूप घेतो आणि मोठ्या आतड्यातल्या जिवाणूंना मिळतो, हे खरं. पण तांदळात बॅसिलस सेरियसचे बीजाणू असतात, ते शिजवूनही मरत नाहीत. भात तसाच कोमट राहिला तर ते वाढतात आणि उलटीचं विष तयार करतात. ते विष पुन्हा उकळूनही जात नाही, म्हणून सकाळी फोडणी दिली तरी उपयोग नाही.

करायचाच तर भात शिजल्यावर परातीत पसरून तासाभराच्या आत गार करा. मग उकळून गार केलेल्या पाण्यात पूर्ण बुडवा, वाटीभर भाताला दोन मोठे चमचे ताजं ताक सुरुवातीलाच घाला म्हणजे आंबटपणा लवकर येईल. सध्याच्या हवेत ८ तासांच्या वर नको. सकाळी चिकट झाला असेल किंवा वास आंबट सोडून दुसरा कुठला येत असेल तर चव घेऊन बघू नका, टाका. सासऱ्यांसाठी आणि लहान मुलांसाठी ही खटपटही नको: भात गार करून सरळ फ्रीजमध्ये ठेवा आणि खाताना वरून ताक घाला.